पुढच्या पानावरचे दोन खण

आयव्ही, तुझ्या गाण्यांच्या पुस्तकाचं शेवटचं पान सकाळपासून माझ्या स्क्रीनवर उघडं आहे. बाकी सगळं झालंय. मुखपृष्ठ झालं, अनुक्रमणिका झाली, तुझ्या भावाने, नेल्सनने, लिहून दिलेलं छोटंसं मनोगतही लागलं. परवा फाइल प्रेसला द्यायची आहे आणि या एका पानाचं काय करायचं ते ठरत नाहीये. तू असतीस तर चहा होईपर्यंत भांडून मोकळ्या झालो असतो. आता दोघींचं भांडण मला एकटीला भांडावं लागतंय, आणि त्यात काही मजा नाही.

आमच्या घरात गेलेल्या माणसाशी बोलायची पद्धत नाही. आम्ही बौद्ध, आत्मा मानत नाही. हे मी तुला इतक्यांदा ऐकवलं होतं की तू कंटाळून म्हणायचीस, "बरं बाई करुणा, तू नको मानू. पण मी वर गेले की तुझ्यावर नजर ठेवणार, एवढं लक्षात ठेव." तुझी नजर आहे असं मला आजही वाटत नाही. तरी बोलतेय. तुला जाऊन महिना होऊन गेला, पण तुझ्यावरचा राग काही जात नाही, आणि तो तुझ्याशिवाय कोणाला सांगण्यासारखा नाही.

आपली ओळखच मुळी माझ्या एका घोळातून झाली. चिंचपोकळीच्या त्या छापखान्याच्या गाळ्यात मी डीटीपीला होते. लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, मंडळांची पावतीपुस्तकं, असली कामं. तू भायखळ्याच्या तुमच्या चर्चमधल्या क्वायरसाठी नाताळच्या गाण्यांची पुस्तिका छापायला आणलीस. झेरॉक्सची झेरॉक्स, वेडीवाकडी कापून चिकटवलेली. "जरा साफ करून दे गं," म्हणालीस. मी मन लावून साफ केली. मशीनच्या काचेवर धूळ असली की कागदावर काळे ठिपके उमटतात, ते पुसण्यात माझी हयात गेली होती. तुमच्या वेस्टर्न नोटेशनच्या पाच रेघांवर बसलेल्या गोळ्यांच्या आजूबाजूचे ठिपकेही मी तसेच एकेक करून पुसून टाकले.

नाताळच्या जरा आधी तू परत आलीस. पुस्तिका माझ्या टेबलावर ठेवलीस आणि एकदम शांत आवाजात विचारलंस, "माझी सगळी टिंबं कुठे गेली?" तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गोळ्याच्या शेजारी टिंब असलं तर तो सूर दीडपट लांबवायचा असतो, आणि डोक्यावर असलं तर तोडून म्हणायचा असतो. तुमचं उड्या मारणारं गाणं माझ्या कृपेने कवायत करायला लागलं होतं. मी मान खाली घालून बोलणी खायची तयारी केली, तर तू स्टुलावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. मग पान उजेडात धरून म्हणालीस, "पण रेघा काय सरळ केल्यास गं. इतक्या सरळ कोण करत नाही." त्या एका वाक्यावर मी तुझ्याबरोबर काम करायला लागले. कोणी माझ्या सरळ रेघांकडे त्याआधी बघितलंच नव्हतं.

मग त्याच गाळ्याच्या पोटमाळ्यावर आपलं दुकान सुरू झालं. लोकांनी हाताने लिहिलेलं संगीत कॉम्प्युटरवर नीट मांडून द्यायचं. या कामाला एन्ग्रेव्हिंग म्हणतात असं तू सांगितलंस. कोरायला हातात माउसशिवाय काही नव्हतं, पण आईला शेजारणींना सांगायला शब्द भारी मिळाला. मला आजही पेटीवर एक ओळ धड वाजवता येत नाही. पान बघून कानात गाणं वाजणं वगैरे तुझं, माझ्या वाट्याला फक्त पान. दोन उभ्या रेघांमधल्या जागेला तुम्ही बार म्हणता. मी आपली कपाटातल्यासारखं खण म्हणायचे. आधी तू हसलीस, मग तूही खण म्हणायला लागलीस, आणि बघता बघता तुमच्या अख्ख्या क्वायरमध्ये "पाचव्या खणापासून घ्या" असं सुरू झालं.

तू शिकवायचीस त्याला शिकवणं म्हणायचं का, माहीत नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमटे लावून तू छापलेली पानं टांगायचीस, दाराशी जाऊन चष्मा काढायचीस आणि मलाही डोळे बारीक करायला लावायचीस. "वाचू नको. काळं कुठे साचलंय ते बघ." खरंच दिसायचं. कुठे स्वरांची गर्दी झालेली असायची, कुठे उगाच मोकळं मैदान. लांब सुराला जागा जास्त द्यायची, पण दुप्पट लांब म्हणून दुप्पट जागा द्यायची नाही, नाहीतर गाणारा तिथे झोपतो, हे तुझं. शब्द देवनागरीत घातले की वेलांट्या वरच्या रेघांना जाऊन टेकतात, म्हणून शब्दांची ओळ केसभर खाली घ्यायची, हे माझं. तुमच्यातल्या डॉल्सी आंटीला रोमन लिपीचीच सवय होती. तिने माझ्या देवनागरीवर सरळ बहिष्कार टाकला होता. तू मध्ये पडून दोन्ही लिपी एकाखाली एक घ्यायला लावल्यास आणि मी आठवडाभर तुझ्याशी तुटक बोलत होते. पान बिचारं जाडजूड झालं. पण डॉल्सी आंटी गायला लागली, आणि हळूच मराठी अक्षरंही वाचायला लागली.

नाताळच्या कार्यक्रमात तू ऑर्गनवर बसायचीस, तेव्हा तुझ्या डावीकडे उभं राहून पानं उलटायचं कामही माझ्याकडे आलं. पहिल्या वर्षी माझे हात घामाने ओले. दोन पानं एकदम उलटली गेली आणि तू चेहऱ्यावर काही न दाखवता आठवणीने वाजवत राहिलीस. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, "वेळ आल्यावर कोपरा शोधायचा नसतो. दोन ओळी आधी बोट कोपऱ्याखाली घालून ठेवायचं. मग मी मान हलवली की फक्त न्यायचं." पुढे मी कधी चुकले नाही. मला सूर कळत नव्हते, पण तुझी मान कळायची.

बाबा गेले तेव्हा तू आमच्याकडे आलीस. सगळे वंदना म्हणत होते. तुला शब्द येत नव्हते, म्हणून तू मागे बसून नुसतीच खालच्या सुरात गुणगुणत राहिलीस. त्यांच्या आजाराचं कळल्यापासून मी तुला रोजचं रोज सांगत आले होते. रिपोर्ट काय आला, ते काय जेवले, रात्री झोपले का. तुझ्यापासून लपवावं असं माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून तर हा राग.

आता त्या पानाकडे येते.

तुझ्या पुस्तकातलं शेवटचं गाणं तुझ्या आईच्या चालीवर बांधलेलं. तुमच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लग्नात आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला विहिरीवर जातात, तेव्हा ती म्हणायची ती चाल. तू ती चार आवाजांत मांडलीस. शेवटी सगळे मिळून एक सूर धरतात, शब्द नाहीत, नुसता तोंड मिटून धरलेला सूर. तो बराच वेळ राहतो, मग एक पायरी खाली येतो आणि थांबतो. ती पायरी आणि ते थांबणं हे शेवटचे दोन खण. मी पानं लावली तेव्हा हे दोन खण उजव्या पानावर मावले नाहीत. पुढच्या पानावर गेले, वर कोपऱ्यात, खाली सगळं पांढरं. मी ओळी जराशा आवळल्या आणि दोन्ही खण मागे ओढून घेतले. पान भरलं, सुंदर दिसायला लागलं. दोरीवर टांगून चष्म्याशिवाय बघितलं तरी कुठे काळं साचलेलं नव्हतं.

तू बघितलंस आणि म्हणालीस, "नको. होतं तसं ठेव."

मला वाटलं, थट्टा करतेयस. शेवटच्या पानावर एकटीदुकटी ओळ सोडायची नाही, हा नियम तुझा. सूर धरलेला असताना गाणाऱ्याला पान उलटायला लावायचं नाही, हाही तुझाच. इथे तर दोन्ही मोडत होते. शिवाय दोन सुरांना बांधणारी कमान पानाच्या कडेला अर्धी तुटत होती आणि उरलेली अर्धी पलीकडे लोंबत होती. हे सगळं मी तुला बोलून दाखवलं, आणि जरा चढ्या आवाजात. तू खुर्चीत बसून ऐकून घेतलंस. त्या दिवसांत तू बसूनच असायचीस. पानं टांगायचं कामही माझ्याकडे दिलं होतंस. गुडघा, म्हणायचीस. पोटमाळ्याचा जिना चढताना मध्ये थांबून माझ्याशी काहीतरी लांबलचक बोलायला लागायचीस. मी मूर्खासारखी पायरीवर उभी राहून उत्तरं द्यायचे.

मग तुझा तो व्हॉइस मेसेज आला. तो मी ठेवलाय. "करू, ऐक ना. पान तसंच ठेव. उलटू दे त्यांना. एंड समोर दिसला ना, की लोक आवरायला घेतात. तोंडाने गातात, पण हात फाइल बंद करत असतात. मी इतकी वर्षं समोर बसून बघतेय. दिसलाच नाही पाहिजे त्यांना." मी उलट लिहिलं, "सोमवारी ये, समोरासमोर भांडू." तू हसरं तोंड पाठवलंस. सोमवारी नेल्सनचा फोन आला.

शिवडीच्या दफनभूमीत तुला ठेवून परत निघालो तेव्हा नेल्सन माझ्याबरोबर गेटपर्यंत चालत आला. त्यानेच सांगितलं. तुला तुझ्या आजाराचं गणपतीच्या आधीच कळलं होतं. म्हणजे पुस्तकाचं काम सुरू करतानाच. डॉक्टरांनी काय सांगितलं, किती दिवस धरून चाला म्हणाले, सगळं तुला ठाऊक होतं आणि नेल्सनला ठाऊक होतं. मला नव्हतं. मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?" तो बिचारा रुमाल हातात घेऊन उभा. म्हणाला, "मी बोललो तिला, करुणाला तरी सांग. तर बोलली, नको, करूला कळलं तर ती सगळ्याला हो हो करायला लागेल. मग भांडायचं कोणाशी?"

मी सरळ टॅक्सी केली. टॅक्सीत बसल्यावर इतकी रडले की टॅक्सीवाल्याने रे रोडजवळ गाडी बाजूला घेऊन पाण्याची बाटली दिली. रडण्यात दुःख किती आणि संताप किती, मला सांगता येणार नाही. मी तुझ्याशी कमानीवरून भांडत होते, आयव्ही. मोकळ्या जागेवरून भांडत होते. आणि तू समोर बसून दम पुरवून पुरवून उत्तरं देत होतीस. तुला त्यात काय मिळत होतं ते आता थोडं कळतं. बाबांच्या वेळी घरातला प्रत्येकजण त्यांच्या प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होता, आणि ते वैतागून म्हणायचे, कोणीतरी नाही म्हणा रे. हे तुला मीच सांगितलं होतं. पण तुला जे मिळालं ते माझ्याकडून न विचारता काढून घेतलंस. मला निरोप घ्यायचा होता की भांडायचं होतं, हे मला ठरवू द्यायला हवं होतंस.

तुझ्या महिन्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, तेच गाणं गायचं ठरलं. तुझ्या जागी आता ग्लेन वाजवतो, शाळेत संगीत शिकवतो तो. तालमीला मी मुद्दाम माझं पान छापून नेलं, दोन्ही खण मागे ओढलेलं. मला सगळ्यांसमोर सिद्ध करायचं होतं, खरं सांगते. आणि छान गायले ते. सूर धरला, कोणी हललं नाही, कागद वाजला नाही. पण मी ग्लेनच्या शेजारून बघत होते. सूर अजून हवेत होता आणि डॉल्सी आंटीचा हात पर्सकडे गेला. मागच्या रांगेतल्या एकाने फाइल अर्धी मिटली. दुसऱ्याने खिशातला फोन चाचपला. सगळ्यांची तोंडं मिटलेली, सूर बरोबर, आणि सगळे घरी निघालेले. मला तुझा आवाज ऐकू आला असं म्हणणार नाही, मी तसलं मानत नाही. पण मान खाली गेली.

म्हणून मिस्सेच्या दिवशी मी तुझं पान वाटलं. बदल आहे, एवढंच सांगितलं. कुठे, ते सांगितलं नाही. तुझीच इच्छा होती, दिसलं नाही पाहिजे. ग्लेनच्या डावीकडे मी उभी राहिले. त्या सुराच्या आधी दोन ओळी बोट कोपऱ्याखाली घातलं. ग्लेनने मान हलवली, मी पान नेलं. आणि समोर नुसता गोंधळ. अर्धे जण खालच्या कोपऱ्यापर्यंत येऊन थांबले होते. उरलेले कागद चाचपत होते. डॉल्सी आंटीने तर सूरच सोडला, मग बाकीच्यांचं बघून एकमेकांना चिकटलेली दोन पानं बोटाला थुंकी लावून सोडवत राहिली. चर्चभर कागदांचा आवाज. शेवटची पायरी चार-पाच जणांनी घेतली, तीही एकदम नाही. पहिल्या बाकावर नेल्सन डोळे मिटून बसला होता.

नंतर बाहेर सगळे चहा घेत असताना डॉल्सी आंटी माझ्याकडे आली. रडत होती. "मला काय ठाऊक गो, पुढे अजून आहे म्हणून," म्हणाली. "मला वाटलं, बदल बोललीस तो हाच, इथेच संपलं. मी सोडून दिला सूर. आयव्हीसाठी गात होते आणि मीच सोडून दिला. कोणी सांगायला नको?"

मी तिला म्हटलं, "मलाही कोणी सांगितलं नव्हतं, आंटी." तिला ते वेगळं वाटलं असणार. तिने माझ्या गालाला हात लावला.

तेव्हापासून या पानाचं काही ठरत नाहीये. नेल्सन म्हणतो, तुला योग्य वाटेल ते कर. योग्य काय ते मला ठाऊक असतं तर सकाळपासून इथे का बसले असते? माझ्यासारखं लावलं तर गेलेल्या माणसाशी वाद घालून जिंकल्यासारखं होईल, आणि तू जे आयुष्यभर समोर बसून बघितलंस ते खोटं नव्हतं, मी माझ्या डोळ्यांनी पर्सकडे गेलेला हात बघितलाय. तुझ्यासारखं लावलं तर पुन्हा कुठल्यातरी चर्चमध्ये कुठलीतरी डॉल्सी आंटी सूर सोडून देईल आणि घरी जाऊन स्वतःला बोल लावत बसेल. तुझं पुस्तक तुझ्या माणसांपलीकडे जाणार आहे. तिथे कोणाला समजावून सांगायला तू नसशील, मीही नसेन.

एवढं सांगून झाल्यावर आत्ता उठून मी पान दोरीवर टांगलं. दाराशी जाऊन चष्मा काढला. तुझं पान. उजवीकडे खाली कमान तुटलेली, आणि शेवट दिसत नाही. बराच वेळ बघितल्यावर मला एक गोष्ट लक्षात आली. आपण दोघी इतके दिवस दोन खण कुठे ठेवायचे यावरच भांडत होतो. सांगायचं की नाही, हा प्रश्न कोणी काढलाच नाही. हाताने लिहिणारे जुने लोक पानाच्या तळाशी एक खूण करायचे, लवकर उलटा, पुढे आहे, म्हणून. मला तूच दाखवली होतीस ती, पिवळ्या पडलेल्या एका कागदावर. कॉम्प्युटरवर कोणी ती घालत नाही. पान घाण दिसतं, असं तुझं मत होतं.

मी घातलीय. तुझे दोन खण पुढच्या पानावरच ठेवलेत, वर कोपऱ्यात, खाली सगळं पांढरं, तुला हवं होतं तसं. कमानही तुटकीच ठेवली. फक्त उजव्या पानाच्या तळाशी, दोन ओळी आधीपासून नजरेला पडेल असं, बारीक अक्षरात दोन्ही लिपींत लिहिलंय: पुढच्या पानावर दोन खण आहेत.

तू असतीस तर म्हणाली असतीस, हे काय घाण करून ठेवलंस. मी म्हटलं असतं, असू दे, राहील. तू म्हटलं असतंस, मग दिसलाच ना एंड. मी म्हटलं असतं, दिसत नाही, कळतो फक्त. आणि या वेळी मी ऐकलं नसतं.

नेल्सनला सांगितलंस त्यातला एक भाग खरा आहे. मला कळलं असतं तर एक-दोन दिवस मी तुला सगळ्याला हो म्हटलं असतं. तिसऱ्या दिवशी त्या कमानीवरून भांडलेच असते; तेवढं तू मला ओळखलं नाहीस. मी आवरायला घेतलं नसतं, आयव्ही. तुझ्या डावीकडे उभी राहून दोन ओळी आधी कोपऱ्याखाली बोट घालून ठेवलं असतं, आणि तू मान हलवायची वाट बघितली असती.